अशक्तपणा वेगळा, पार्किन्सनचा मंदपणा वेगळा

“आबांच्या अंगात त्राण राहिलं नाही, पडून राहू द्या त्यांना.” सांगली-मिरजेकडच्या घराघरांत हे वाक्य मायेने बोललं जातं, आणि पार्किन्सन हा मेंदूचा आजार असलेल्या माणसाचं त्यानेच मोठं नुकसान होतं.

अशक्तपणा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. ताप, रक्त कमी होणं, वय. स्नायूंचा जोर घटतो, बहुधा दोन्ही बाजूंनी, आणि कारणावर उपचार, सकस जेवण, थोडी विश्रांती मिळाली की भरून येतो. एकाच बाजूचा जोर अचानक गेला तर मात्र तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

पार्किन्सनमध्ये जोर बराचसा शाबूत असतो, हालचालीचं माप हरवतं. मेंदूत डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यामुळे हालचाल उशिरा सुरू होते आणि करता करता लहान होत जाते. आबांना अंगठा आणि तर्जनी पूर्ण फाकवून दहा वेळा भराभर टेकवायला सांगा. पहिल्या तीन-चार वेळा बोटं नीट उघडतात, मग अंतर आक्रसतं, मध्येच अडखळतं. दुसऱ्या हाताने तेच करून घ्या. आजार सहसा एका बाजूने सुरू होतो, म्हणून फरक दिसतो. ओळीच्या शेवटी बारीक होणारं अक्षर आणि चालताना न हलणारा एक हात हीही त्याचीच खूण. एवढ्यावरून निदान होत नाही, पण मेंदूविकारतज्ज्ञांना हे जरूर सांगा. हात थरथरत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींना थरथर नसतेच.

आपोआप होणारी हालचाल बिघडते, लक्ष देऊन केलेली बरीच सुधारते. म्हणून “भराभर चला” म्हणणं चूक आहे. त्याने पावलं आणखी आखूड होतात आणि तोल जातो. “मोठं पाऊल टाका, आधी टाच” असं सांगा. मोठ्याने आकडे मोजत, हात मुद्दाम हलवत चालायचं. कृष्णेच्या घाटावरच्या पायऱ्यांपेक्षा आमराईतली सपाट वाट बरी. व्यायामाने आजार बरा होत नाही, पण चाल आणि तोल सावरतो; पडून राहिल्याने ताठरपणा वाढतो आणि असलेला जोरही जातो.

डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर असताना, बहुतेकांना ती घेतल्यावर तासाभराने, व्यायाम करायचा. गोळी दूध-डाळीसोबत घेतली की कमी लागू पडू शकते. शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी. गोळी एकदम बंद करणं धोक्याचं.

उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर हात धरून ओढू नका. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग “एक, दोन” म्हणत मोठं पाऊल. तिथे फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या तर ओलांडायला खूण मिळते. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेत वळायचं, आणि तेव्हा हातात पिशवी किंवा तांब्या नसावा.