गहुंजेचा बंदोबस्त आणि पाण्याचं भांडण

2023च्या क्रिकेट विश्वचषकातले पाच सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमवर झाले. पण इथल्या पोलीस बंदोबस्ताची खरी गोष्ट 2018च्या आयपीएलची. तेव्हा चेन्नई संघाचे घरचे सामने अचानक इथे आले. सोबत चाहत्यांची एक खास रेल्वेगाडीही आली.

1991मध्ये पाकिस्तानशी सामना नको म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली होती. 2018ला चेन्नईत भांडण शेजारच्या कर्नाटकाशी होतं, कावेरीच्या पाण्यावरून. 16 फेब्रुवारी 2018ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा वाटा 192 टीएमसीवरून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 177.25वर आणला आणि वाटपाची यंत्रणा उभारायला केंद्राला सहा आठवडे दिले. मुदत उलटली, यंत्रणा आली नाही आणि तमिळनाडू पेटलं. पाण्यासाठी लोक रस्त्यावर उतरलेले असताना क्रिकेट कसलं खेळता, हा आंदोलकांचा सवाल. 10 एप्रिलला हजारो पोलीस लावून चेन्नईच्या चेपॉक मैदानावर सामना झाला, तरी मैदानात जोडे येऊन पडलेच. (प्रेक्षकाची बाटली फाटकावर काढून घेता येते, पायातलं कसं काढणार?) दुसऱ्याच दिवशी सामने हलवायचं ठरलं.

आणि हलवले कुठे, तर गहुंजे ज्या तालुक्यात येतं त्या मावळात! पवना नदीचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला इथल्या शेतकऱ्यांचा विरोध. 9 ऑगस्ट 2011ला ते बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्याच मार्गालगतचं गहुंजेचं स्टेडियम वर्षभराच्या आत, एप्रिल 2012मध्ये सुरू झालं.

मैदानाच्या पाण्याचा प्रश्न कोर्टातही नवा नव्हता. 2016च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं होतं. पुण्याचा संघ तेव्हा विशाखापट्टणमला गेला. 2018च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने गहुंजेच्या मैदानासाठी पवनेचं पाणी घ्यायला मनाई केली. म्हणजे कावेरीमुळे चेन्नईतून निघालेला खेळ पवनेच्या काठी येऊन पुन्हा पाण्यापाशीच अडला. सामने मात्र झाले. 20 एप्रिलला चेन्नईच्या शेन वॉटसनने शतकही ठोकलं.

27 मे रोजी चेन्नईने मुंबईत चषक उचलला. पाणीवाटपाच्या त्या यंत्रणेची, म्हणजे कावेरी प्राधिकरणाची अधिसूचना निघाली 1 जूनला.