प्रतीकात्मक ऊर्जाबचत मोहिमा (कोकण किनारा)

प्रतीकात्मक ऊर्जाबचत मोहीम : ठरलेल्या दिवशी अनेकांनी मिळून केलेली छोटी, सर्वांना दिसेल अशी कृती आणि तिच्याद्वारे वीज-इंधनाच्या वापराकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न. तासभर दिवे मालवणे, सामूहिक शपथ, सायकल फेरी ही तिची नेहमीची रूपे. कोकणात शाळा, महाविद्यालये, नगरपंचायती आणि ग्रामपंचायती अशा मोहिमा राबवतात. एकट्या मोहिमेमुळे घरातील वीजवापराची सवय कायमची बदलल्याचे क्वचितच दिसते. घरातले उपकरण, बिलाचा दर किंवा इंधनाची सोय बदलली, तर मात्र बदल टिकतो.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उपक्रम म्हणजे ‘अर्थ अवर’. ३१ मार्च २००७ रोजी सिडनीत वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने तो सुरू केला. भारतात तो २००९ पासून होतो. मार्चअखेरच्या एका शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ अनावश्यक दिवे बंद ठेवायचे असतात. दहा देशांतील २००७ ते २०१२ या काळातील मोजमापे एकत्र तपासली, तेव्हा त्या तासात वीजमागणी सरासरी चार टक्के घटल्याचे आढळले. तास संपला की घरोघरचे दिवे पुन्हा लागतात. वीज वाचवणे हा मुख्य हेतू नाही, असे आयोजक स्वतःच सांगतात. त्यामुळे केवळ वाचलेल्या युनिटांवरून उपक्रमाला नापास करणे अन्यायाचे होईल.

भारतातील सर्वांत ठळक उदाहरण मात्र पर्यावरणाचे नव्हते. ५ एप्रिल २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले आणि देशाची वीजमागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. हा उतार आणि लगेचचा चढ मुख्यतः जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमी-जास्त करून सांभाळला गेला. चिपळूण तालुक्यातील पोफळीची कोयना वीजगृहेही मागणीच्या अशाच चढउतारासाठी वापरली जातात. हाक दिली तर माणसे बटणापर्यंत जातात, हे त्या रात्री दिसले. दुसऱ्या दिवशी तीच माणसे काय करतात, हा प्रश्न वेगळा.

कोकणात मोहिमेची वेळही आड येते. २०२४ मध्ये अर्थ अवर २३ मार्चला, म्हणजे होळीच्या आदल्या रात्री आला. पालख्या, सहाणेवरची (पालखी टेकवण्याच्या चौथऱ्यावरची) लगबग, मुंबईहून आलेले चाकरमानी, अशा गावाला त्या तासात अंधार करायला सांगणे कठीणच. बरे, दिव्यांवर रोख ठेवून फारसे हातीही लागत नाही. नऊ वॉटचे सहा एलईडी दिवे तासभर बंद ठेवले तर ०.०५४ युनिट वाचते. दमट हवेमुळे किनाऱ्यावर पंखा थंडीच्या थोड्या रात्री सोडल्या तर वर्षभर फिरतो. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावला आणि तो वर्षातले २५० दिवस रोज बारा तास चालला, तर १३५ युनिटे वाचतात. त्यासाठी रोज कोणाला काही लक्षातही ठेवावे लागत नाही.

एलईडी दिवे तरी घराघरांत पोहोचले ते भित्तिपत्रकांमुळे नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे दिव्याचा खरेदीदर सुमारे ३१० रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आला आणि देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. नव्या वातानुकूलन यंत्रांचे तापमान २०२० पासून मुळातच २४ अंशांवर ठेवलेले असते, तेही याच जातीचे पाऊल. वीजबिलातील १०० आणि ३०० युनिटांचे टप्पेही, जे ओलांडले की दर वाढतो, घरच्या हिशेबी माणसाला शपथेपेक्षा अधिक शिकवतात.

येथे कोकणातील एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. अनेक घरांत राहतात आजी-आजोबा आणि बिल भरतो मुंबईतला मुलगा. बटण एकाच्या हाती, पैसे दुसऱ्याचे, आणि नवा पंखा घ्यायचा की नाही हे गणपतीत सगळे जमल्यावर ठरणार. शपथ मात्र शाळेतली नात घेऊन येते. तिने घरात विषय काढला आणि त्याच गणपतीत पंखा बदलला, तर मोहिमेचा उपयोग झाला म्हणायचे. एरवी तो विषय जेवणाच्या पानावरच राहतो.

इंधनाचेही तसेच. स्वयंपाकघरात गॅस आला तरी न्हाणीच्या पाण्यासाठी बाहेरची चूल पुष्कळ घरांत टिकून आहे. वाडीतल्या झावळ्या, नारळाची सोडणे, करवंट्या फुकट मिळतात. कुडाळजवळ झाराप येथील भगीरथ प्रतिष्ठानाने सिंधुदुर्गात बायोगॅसचा प्रसार केला तो अशाच परसातल्या वस्तूवर, म्हणजे गोठ्यातल्या शेणावर. धुराविरुद्ध घोषणा देणाऱ्याने आधी या फुकट जळणाला पर्याय सांगावा.

टंचाई माणसाला शिकवते, हे अर्धेच खरे. अलास्कातील जूनो शहराची वीजवाहिनी एप्रिल २००८ मध्ये हिमस्खलनाने तुटली, दर सुमारे पाचपट झाले आणि वापर पाव हिश्श्याने घटला. पुरवठा पूर्ववत झाल्यावरही सुमारे आठ टक्के घट टिकली. उलट ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची अनेक गावे आठवडेच्या आठवडे काळोखात होती, पण त्या काळोखाने काटकसर शिकवली असे म्हणवत नाही. जूनोत वीज होती, महाग होती. काय बंद ठेवायचे हे घराला ठरवावे लागले. येथे वीजच नव्हती, त्यामुळे निवडीला जागा नव्हती. भारनियमनाच्या वर्षांनीही घरोघर काटकसरीपेक्षा इन्व्हर्टरच अधिक आणला.

२ ऑक्टोबर २०२० पासूनचे राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान प्रतीक आणि प्रत्यक्ष काम यांच्या सीमेवर येते. अभियानाची सदरे पंचमहाभूतांवरून पाडली आहेत आणि त्यांतील अग्नीच्या सदरात ऊर्जेचा विचार होतो. हरित शपथ आहेच, पण स्थानिक संस्थांना कामाचे गुणही मिळतात. शपथांची संख्या एका दिवसात वाढवता येते. सौर पथदिव्यांचे काम त्यापेक्षा चिवट आहे : खाऱ्या हवेत खांबावरच्या पेटीचे नटबोल्ट गंजतात, बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर गुण मिळून गेल्यावर खांब तेवढा उभा राहतो.