‘सवय झालीये’ म्हणतो तेव्हा शरीरात काय चाललेलं असतं?

ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या एखाद्या बाई डोळ्यासमोर आणा. हेडफोनमध्ये कुणीतरी रडतंय, किंचाळतंय, आणि ह्या बाई शांत आवाजात छातीवर दाब कसा द्यायचा ते सांगतायत, एक, दोन, तीन, चार असं मोजतायत, मग गाडी पोचते आणि लाइन कट. माणूस वाचला की गेला ते बऱ्याचदा कळतच नाही कारण तोवर पुढची रिंग वाजलेली असते. विचारलं तर म्हणतात, सवय झालीये.

पण सवय झाली म्हणजे भार उतरला असं नाही ना. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला अलार्म देतो, किडनीच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथींतून आधी ॲड्रेनालिन आणि मागोमाग कॉर्टिसॉल सुटतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. ही सगळी तयारी पळायची नाहीतर लढायची, आणि खुर्चीत बसून दोन्ही करता येत नाही, वर शरीर थंड व्हायच्या आत पुढचा फोन! अशी जी झीज साठत जाते तिला ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर ह्या संशोधकांनी १९९३ मध्ये ॲलोस्टॅटिक लोड म्हटलं. मग घरी साधं भांडं पडलं तरी दचकायला होतं, झोप तुटते, पोरांवर उगाच ओरडलं जातं.

पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या धक्क्यातून होणारा मानसिक आजार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये १९८० साली आलं, पण कामाचा भाग म्हणून दुसऱ्यांवरचे भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा पाहणं-ऐकणं हेही कारण ठरू शकतं हे त्यात स्पष्ट लिहायला २०१३ उजाडलं. रोज कस्टमरच्या शिव्या खाणारे, साहेबाचा अपमान गिळणारे त्या व्याख्येत सहसा बसत नाहीत. तरी अलार्म त्यांचाही वाजतोच की, आणि त्यातून डिप्रेशन, एंग्झायटी वाढू शकते. ह्या दोन आजारांपायी जगात दरवर्षी अंदाजे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बऱ्याच ठिकाणी काय करतात, वाईट घटना घडली की सगळ्यांना एकदाच बसवून बोलायला लावतात. अशा एका सेशनने पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासांत दिसलंय. मला विचाराल तर त्या बाईंना अवघड कॉलनंतर हेडफोन काढून उठायला दहा मिनिटं द्या, आणि तो माणूस वाचला का हे कुणीतरी येऊन सांगा.