प्रारंभदृश्य (गुन्हेगारी थरारपट)

गुन्हेगारी थरारपटाच्या ज्या पहिल्या काही मिनिटांत गुन्हा घडतो किंवा त्याची चाहूल लागते, त्यांना प्रारंभदृश्य म्हणतात. पात्रांची ओळख करून देणे हे त्याचे दुय्यम काम. प्रेक्षकाला काय कळावे आणि पात्राला काय कळू नये, हे ठरवणे हे मुख्य. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक असले की उत्कंठा निर्माण होते, कमी ठाऊक असले की गूढ.

इंदूरच्या मराठी वाचकाला हे समजून घ्यायला बावला खून प्रकरणाइतके जवळचे उदाहरण नाही. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. सोबत मुमताज बेगम होती. इंदूर दरबारातली ही नर्तकी दरबार सोडून निघून आली होती. हल्लेखोरांनी तिच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोचले, म्हणून ती वाचली. तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि १९२६ मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली. या प्रकरणावर होमी मास्टर यांचा ‘कुलीन कांता’ हा मूकपट १९२५ मध्येच निघाला.

हा गुन्हा आज पडद्यावर आणायचा, तर पहिले दृश्य कोणते घ्यावे? दरबारापासून सुरुवात केली तर संकट बावलाच्या आधी प्रेक्षकाला कळते आणि मोटारीचे प्रत्येक वळण जीव टांगणीला लावते. न्यायालयापासून केली तर थरार ओसरतो, लक्ष साक्षीपुराव्याकडे जाते. तिसरी वाट त्या अधिकाऱ्यांची: रस्त्यात थांबलेल्या दोन मोटारी, किंकाळ्या, एक रक्तबंबाळ स्त्री, आणि कशाचाच अर्थ लागत नाही. हीच वाट सर्वांत सकस. इंदूरचे नाव तीत फार उशिरा येते, आणि येते तेव्हा सगळी कथा उलटते.

गुन्हा न दाखवता दहशत कशी उभी करावी, याचा वस्तुपाठ फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात आहे. मुले खुन्याचे गाणे म्हणत खेळतात. एक आई जेवणाचे ताट मांडून मुलीची वाट पाहते. बक्षिसाच्या जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते. नंतर रिकामा जिना, गवतातून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून एकदाही दिसत नाही. तो प्रेक्षकाच्या मनात घडतो, म्हणूनच असह्य होतो.

ऑर्सन वेल्स यांनी ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) उलट केले. मोटारीच्या डिकीत टाइमबॉम्ब ठेवला जाताना प्रेक्षकाला दिसतो, आणि पुढे सव्वातीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट न घेता कॅमेरा सीमेवरच्या गावातून फिरतो. मूळ प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत होते. वेल्स यांच्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये झालेल्या नव्या संकलनात दोन्ही काढून रस्त्यावरचे, दुकानांतले, मोटारीच्या रेडिओचे आवाज ठेवले गेले. मोटार चौकटीबाहेर गेली तरी कान तिच्या मागावर राहतात. थरारपटाची सुरुवात डोळ्यांइतकीच कानांनी अनुभवायची असते, हे या दोन प्रती लागोपाठ पाहिल्यावर मनोमन पटते.

हिंदीत विजय आनंद यांच्या ‘तीसरी मंझिल’ची (१९६६) सुरुवात हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या तरुणीने होते आणि आत्महत्या की खून, या प्रश्नावर पुढचा डोलारा उभा राहतो. अलीकडे मात्र आधी शेवटची झटापट दाखवून ‘सहा महिन्यांपूर्वी’ अशी पाटी टाकण्याची सवय फोफावली आहे. ती बहुतेकदा कमकुवत पटकथेला दिलेला टेकू असते.

प्रारंभदृश्य चुकू नये याची काळजी निर्मात्यांनीही घेतली आहे. ‘सायको’च्या (१९६०) वेळी चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा आग्रह आल्फ्रेड हिचकॉक यांनी धरला. सानंद न्यासाच्या नाट्यप्रयोगांना जाणाऱ्या इंदूरकरांना तिसऱ्या घंटेची शिस्त नवी नाही. तीच चित्रपटगृहातही पाळायला हवी. घरबसल्या ओटीटी पाहणाऱ्याच्या हातात रिमोट असतो. तो पहिल्याच मिनिटांत कंटाळेल या धास्तीने अनेक मालिका थेट मृतदेहापासून सुरू होतात आणि ताट मांडून वाट पाहणाऱ्या आईला त्यांत जागाच उरत नाही.