विषाणुप्रतिबंध, प्रत्यारोपणोत्तर

प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते. अशा वेळी अंगात सुप्त असलेले किंवा दात्याच्या अवयवासोबत आलेले विषाणू उचल खातात. लक्षणांची वाट न पाहता त्यांच्यावर केलेल्या औषधयोजनेस ही संज्ञा लावतात. तिचा मुख्य रोख नागिणीच्या विषाणूंच्या कुलातील सायटोमेगॅलोव्हायरसवर (सीएमव्ही) असतो.

या योजनेचा आरंभ सामान्यतः १९८० च्या दशकाच्या अखेरीस मानतात. १९८९ मध्ये मूत्रपिंड-ग्राहींवरील (प्रत्यारोपित मूत्रपिंड मिळालेल्या रुग्णांवरील) एका चाचणीत तोंडावाटे दिलेल्या ॲसायक्लोव्हिरच्या मोठ्या मात्रेचा उपयोग दिसला. तथापि सीएमव्हीवर हे औषध दुबळेच, कारण त्याला सक्रिय करणारे थायमिडीन कायनेज हे विकर या विषाणूत नसते. गॅन्सिक्लोव्हिरला मात्र विषाणूचेच यूएल९७ कायनेज पहिला फॉस्फेट जोडते, म्हणजे शत्रूच स्वतःविरुद्धचे शस्त्र परजतो. या विकरात उत्परिवर्तन झाल्यास औषध निकामी ठरू शकते. गॅन्सिक्लोव्हिर पोटातून जेमतेम ६ टक्के शोषले जाते, तर शरीरात गेल्यावर गॅन्सिक्लोव्हिरमध्ये बदलणारे त्याचे पूर्वरूप व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सुमारे ६० टक्के. म्हणून आज गोळी म्हणून तेच रूढ आहे. त्याने पांढऱ्या पेशी घटतात. मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यानुसार ठरवतात.

दाता बाधित व ग्राही अबाधित ही जोडी सर्वांत जोखमीची. अशा मूत्रपिंड-ग्राहींत १०० ऐवजी २०० दिवस औषध दिल्यास वर्षभरातील सीएमव्ही रोगाचे प्रमाण ३६.८ वरून १६.१ टक्क्यांवर आल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या मतानुसार सरसकट औषध न देता दर आठवड्याला रक्तातील विषाणू मोजावा आणि तो आढळताच उपचार सुरू करावेत. यकृत-ग्राहींच्या याच गटात २०२० च्या चाचणीत या पद्धतीने रोग कमी (९ विरुद्ध १९ टक्के) आढळला. तिची मदार नियमित तपासणीवर आहे. रुग्ण दूर गावी राहत असल्यास गोळीच अधिक भरवशाची वाटते. भारतात बहुतेक प्रौढ आधीच बाधित असल्याने वरील जोडी तुलनेने विरळ, त्यामुळे पाश्चात्त्य आकडे येथे बेताने लावावेत.

लेटरमोव्हिर (अमेरिकेत मूत्रपिंड-ग्राहींसाठी मान्यता २०२३) विषाणूच्या टर्मिनेज संकुलास (त्याचा डीएनए कापून कवचात भरणाऱ्या प्रथिनांच्या गटास) रोखते व पांढऱ्या पेशींना फारसे बाधत नाही. परंतु साध्या नागिणीवर त्याचा परिणाम नसल्याने ॲसायक्लोव्हिरची जोड लागते. हिपॅटायटिस-बीसाठी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर देतात. प्रत्यारोपित मूत्रपिंडास इजा करणाऱ्या बीके विषाणूवर खात्रीचे औषध नाही. तेथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेच कमी करतात.