पारलिंगी आणि नॉन-बायनरी चित्रपटकर्मींसाठी सवेतन सेट-उमेदवारी

चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या चालू चित्रीकरणात पारलिंगी अथवा नॉन-बायनरी व्यक्तीला एखाद्या विभागातील अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली घेऊन, कामाच्या दिवसांचा मोबदला देत ते काम शिकवण्याच्या पद्धतीला सवेतन सेट-उमेदवारी म्हणता येईल. जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाहून जिची लिंगओळख वेगळी असते ती व्यक्ती पारलिंगी, तर पुरुष वा स्त्री यांपैकी एकाच चौकटीत जिची ओळख पूर्णपणे बसत नाही ती नॉन-बायनरी.

हाताखाली राहून शिकणे या व्यवसायाला नवे नाही. अमेरिकेत दिग्दर्शकांची संघटना आणि निर्माते यांनी मिळून सहायक दिग्दर्शकांसाठी सवेतन प्रशिक्षण योजना १९६५ मध्येच सुरू केली. मात्र बहुतेक विभागांत प्रवेश होतो तो ओळखीने. विभागप्रमुख आपल्या माहितीतल्या माणसांना बोलावतो, आणि चित्रीकरण संपले की सारे पुन्हा नव्या कामाच्या शोधात निघतात. सुरुवातीचे महिने बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर काढावे लागत असल्याने, ज्याचे घरभाडे दुसरे कोणी भरते त्यालाच ही उमेदवारी परवडते. कुटुंबाने दूर लोटलेल्या अनेक पारलिंगी तरुणांना हा आधार नसतो, म्हणून वेतन हा या योजनांचा कणा ठरतो. बिनपगारी कामाचा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटासाठी विनावेतन काम केलेल्या दोन प्रशिक्षणार्थींनी २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइट कंपनीवर दावा लावला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना कर्मचारी मानले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रशिक्षणाचा मुख्य लाभ कोणाला होतो, ही कसोटी घालून दिली. त्यामुळे वेतन द्यायचे की नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलांवर अवलंबून राहिले.

पारलिंगी व्यक्तींना जाणीवपूर्वक कॅमेऱ्यामागे आणण्याचा ठळक प्रयत्न ‘ट्रान्सपेरंट’ या मालिकेत झाला. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनवर आलेल्या या मालिकेचे निर्मितीसूत्र जोई सोलोवे यांच्याकडे होते. भरतीत पारलिंगी उमेदवारांना प्राधान्य देण्याच्या धोरणामुळे त्यांना लेखन, दिग्दर्शन आणि तांत्रिक विभागांत वाव मिळाला, तरी पारलिंगी स्त्रीची मुख्य भूमिका पारलिंगी नसलेल्या नटाकडेच होती. पुढे मालिकेतील पारलिंगी स्त्रियांनी त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले, ते त्याने नाकारले, आणि २०१८ मध्ये त्याला मालिकेतून दूर करण्यात आले. भरतीचे धोरण आणि सेटवरील सत्तेची उतरंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होते. २०१८ मध्येच सुरू झालेल्या ‘पोझ’ मालिकेत पारलिंगी लेखिका जॅनेट मॉक यांना लेखनाबरोबर दिग्दर्शनाचीही संधी मिळाली.

प्रस्तुत पद्धतीचा सर्वांत नेमका नमुना मात्र एका माहितीपटाने घालून दिला. सॅम फेडर दिग्दर्शित आणि पारलिंगी अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स कार्यकारी निर्माती असलेला ‘डिस्क्लोजर’ जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात आणि त्याच वर्षी जूनमध्ये नेटफ्लिक्सवर दाखवला गेला. पडद्यावरील पारलिंगी प्रतिमांचा इतिहास सांगणाऱ्या या माहितीपटात बोलणारे सर्वजण पारलिंगी आहेत. पडद्यामागेही तोच आग्रह होता: प्रत्येक जागेसाठी आधी पारलिंगी तंत्रज्ञ शोधायचा आणि तसा मिळाला नाही तर नेमलेल्या तंत्रज्ञाने एका पारलिंगी उमेदवाराला सोबत घेऊन शिकवायचे. या नियमाची खुबी अशी की ‘अनुभवी माणूस मिळत नाही’ ही नेहमीची सबब तेथेच थांबत नाही. रिकाम्या जागेतूनच पुढच्या चित्रीकरणासाठी अनुभवी माणूस घडू लागतो.

प्रत्यक्षात उमेदवाराला क्लॅप देणे, भिंगे बदलणे, फोकस सांभाळण्यास मदत करणे, दिवे लावणे, बूम म्हणजे लांब दांड्यावरचा मायक्रोफोन धरणे किंवा दृश्यांची सलगता (कंटिन्युइटी) नोंदवणे अशी कामे दिली जातात. नुसते बाजूला उभे राहून पाहणे ही उमेदवारी नव्हे. काही बारीक गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. पगारपत्रकावर कायदेशीर नाव लागते, पण कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या पत्रकावर, आणि श्रेयनामावलीत व्यक्ती वापरते तेच नाव असले पाहिजे, नाहीतर तिची ओळख पहिल्याच दिवशी सगळ्या युनिटसमोर उघडी पडते. या व्यवसायात श्रेयनामावली हीच पुढच्या कामाची शिफारस असल्याने नावातील चूक वर्षानुवर्षे छळते. आयएमडीबी या चित्रपटांची आणि कलावंतांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने टीकेनंतर २०१९ मध्ये आपले धोरण बदलून पारलिंगी व्यक्तींना जन्मनाव काढून टाकण्याची मुभा दिली, ती याच कारणामुळे महत्त्वाची ठरली. स्वच्छतागृहाची सोय, संबोधने आणि कलावंताच्या कपड्यांत मायक्रोफोन लावताना घ्यायची संमती हेही याच पूर्वतयारीत येते. शेवटची गोष्ट खरे तर कोणत्याही सेटवर पाळली जावी अशीच आहे.

पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. एका चित्रीकरणातून एक श्रेय मिळते. कामगार संघटनेच्या सदस्यत्वासाठी मात्र अनेकदा ठरावीक दिवसांचे सवेतन काम दाखवावे लागते, आणि उमेदवारीचे दिवस त्यात धरले जातील असे नाही. शिकवणाऱ्याला वेगळा वेळ वा मोबदला दिला नाही तर चित्रीकरणाच्या धावपळीत शिकवणे मागे पडते आणि उमेदवार स्वस्त मदतनीस बनतो. शिवाय उमेदवार वर्षानुवर्षे उमेदवारच राहू शकतो. ‘डिस्क्लोजर’च्या नियमात आधी पूर्ण वेतनाची जागा भरण्याचा प्रयत्न आणि मग उमेदवारी असा क्रम आहे, तो उलटा केल्यास पात्र पारलिंगी तंत्रज्ञालाही शिकाऊ म्हणूनच बोलावले जाण्याचा धोका राहतो.