घरच्या प्लायच्या होडीची पार्श्वभूमी

लाकडी होडी म्हणजे आधी सांगाडा, मग त्यावर फळ्या. ते काम कसबी सुताराचेच. १९३०च्या दशकात पाण्यात न सुटणारे कृत्रिम रेझिनचे गोंद आले आणि प्लाय होडीच्या कामाचा झाला. १९४७मध्ये अमेरिकेत मुलांसाठी निघालेली ‘ऑप्टिमिस्ट’ आठ बाय चार फुटांच्या दोन शीटांत बसत असे. १९६३मध्ये एका ब्रिटिश दैनिकाने ‘मिरर’ ही ३.३ मीटरची शिडाची होडी वाचकांपुढे आणली. तिच्यात प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचून सांध्यांवर काचेच्या धाग्यांची टेप रेझिनने चिकटवायची होती. सांगाडा बाद झाला.

वाद आहे तो या रेझिनचा: पॉलिएस्टर घ्यायचे की इपॉक्सी. ‘मिरर’मध्ये मुळात पॉलिएस्टर होते, त्यामुळे त्या काळच्या बांधणीच्या नकाशांत तेच सापडते. फायबरचे काम करणाऱ्यांकडे ते सहज मिळते आणि स्वस्तही पडते. ‘तेव्हाच्या होड्या टिकल्याच की’ हा युक्तिवाद मात्र अर्धाच खरा. पॉलिएस्टर वाळताना आकसते आणि लाकडाला त्याची पकड कच्ची असते. कडेने पाणी शिरले की टेप पट्टीसारखी निघून येते. १९७०च्या दशकापासून घरगुती बांधणी इपॉक्सीकडे वळली ती यामुळेच. सहा मिलिमीटर प्लायची होडी बांधायची तर इपॉक्सीच घ्यावे.

पण पॉलिएस्टरच्या सवयी इपॉक्सीला चालत नाहीत. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा पदार्थ, एक-दोन टक्के; हवा पाहून कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत तो रेझिनइतकाच महत्त्वाचा घटक. प्रमाण चुकले तर सांधा कायमचा मऊ राहतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, अर्धा किलो मिश्रण डब्यात ठेवले तर तापून धूर निघतो. म्हणून संथ हार्डनर, शंभर ग्रॅमचे घाणे आणि पसरट ट्रे. उजनी किंवा हिप्परग्याच्या पाण्यासाठी होडी करायची तर डिसेंबर-जानेवारीचे दिवस सोयीचे.

तारेच्या टाक्यांसाठी दोन मिलिमीटरची भोके, पंधरा-वीस सेंटिमीटरवर. आतल्या कोपऱ्यात लाकडाचा बारीक भुसा कालवून श्रीखंडाइतके घट्ट केलेले इपॉक्सी भरतात आणि ते चिकट असतानाच ७५ मिलिमीटरची टेप बसवतात.

प्लायवरचा आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का बहात्तर तास उकळून गोंद तपासल्याचा असतो. तरी कापलेली कड पाहावीच. आतल्या थरात फट असेल तर वाक देताना शीट नेमकी तिथेच मोडते. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुवून मगच पॉलिश पेपर मारावा, नाहीतर पुढचा हात धरत नाही.